बोंडअळीची रुंदी

कृषी दिनाच्या ग्रामसभेत दाखवण्यासाठी गुलाबी बोंडअळीवर एक छोटे ॲनिमेशन करून द्यावे, अशी गळ पुसद तालुक्यातील आमच्या गावच्या सरपंचांनी घातली. अळीने आतून मिटवलेले फूल, म्हणजे डोमकळी, काढून झाली, नर पतंगांना गंधाने ओढणारा कामगंध सापळा काढून झाला, अळी तर इतकी सडपातळ उतरली की तिच्यावर फवारणी करणे जिवावर यावे. खरा छळ सुरू झाला तो तयार चित्रफीत बाहेर काढण्याच्या, म्हणजे एक्स्पोर्टच्या, खिडकीत.

संगणकाच्या पडद्यावरचा पिक्सेल, म्हणजे चित्राचा एकेक ठिपका, चौरस असतो. त्यामुळे १९२० गुणिले १०८० पिक्सेलांचे चित्र रुंदी-उंचीच्या १६:९ या प्रमाणात आपोआप भरते आणि कोणी काही विचारत नाही. परंतु ग्रामपंचायतीतला टीव्ही जुना, पिक्चर ट्यूबचा, आणि त्याला जोडलेला डीव्हीडी प्लेअर त्याहून हट्टी. पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र सहसा ७२० गुणिले ५७६ असते. भागाकार केला तर १.२५ येतात, म्हणजे ते धड ४:३ नाही आणि धड १६:९ही नाही. यावर तोडगा असा, की पिक्सेलच चौरस नाही असे मानायचे: ४:३ साठी तो उंचीच्या सुमारे १.०७ पट रुंद, १६:९ साठी १.४२ पट. काही सॉफ्टवेअरमध्ये याच जागी १.०९ आणि १.४६ हे आकडे दिसतात, कारण सातबाऱ्यावर पोटखराबा वेगळा दाखवतात तसे त्या हिशेबात ७२० पैकी कडेचे थोडे पिक्सेल मूळ चित्राबाहेरचे धरलेले असतात. डिस्कवरचे पिक्सेल दोन्ही प्रकारांत तेवढेच. चित्र किती ताणायचे, हे सांगणारी खूण तेवढी वेगळी. ती खूण प्लेअर ऐकतो की नाही, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर.

आमचा प्लेअर आपण रुंद टीव्हीलाच जोडलेलो आहोत अशा समजुतीत होता. त्यामुळे १६:९ ची डिस्क लावताच बैल, गाडी, शेतकरी सगळे उभट झाले आणि चाके लंबगोल झाली. शिपायाने पडद्याला फूटपट्टी लावून चाकाची उंची-रुंदी मोजली. तज्ज्ञांनीही पहिल्या चौकटीत वर्तुळ काढून हेच करावे, इतकी ती तपासणी शास्त्रशुद्ध होती. उपसरपंच मात्र म्हणाले, "शेतकरी बराबर काढला गुरुजी तुमी. असाच वाळला हाय."

मग ४:३ ची प्रत काढली आणि चाके गोल झाली. नेमका कृषी दिनाला पाऊस लागला व सभा शाळेत हलली, जिथे भिंतीवर नवा चपटा टीव्ही होता आणि तो हाती येईल ते चित्र कडेपर्यंत ताणत होता. पानावरून आडवी सरपटणारी अळी गोमेएवढी लांब झाली, आणि बोंडात शिरण्यासाठी उभी वळताच तीच अळी फुगली. मी रिमोट घेऊन ४:३ निवडले. अळी पूर्ववत झाली, डावीउजवीकडे काळ्या पट्ट्या आल्या आणि सभेत कुजबुज सुरू झाली.

"पैसे पुऱ्या टीव्हीचे देल्ले," सरपंच म्हणाले, "मंग बाजूनं काळं काऊन?"

पिक्सेलाच्या रुंदीविषयी मी सविस्तर सांगू लागलो, परंतु ठराव एकमताने मंजूर झाला आणि रिमोट माझ्या हातातून गेला. अळी पुन्हा फुगली. मागच्या रांगेतून एक आजोबा समाधानाने म्हणाले, "हां, आता ओयखू आली. हे आपल्याच वावरातली होय."