पाहुण्याला भाकरी?

परवा वाशीच्या दाणा मार्केटमधून आईसाठी मालदांडी ज्वारी आणली. भाव ऐकून ती म्हणाली, "एवढ्यात गहू आला असता की रे!" आला असता, वर सुटे पैसेही उरले असते.

आमचे अण्णा माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. धान्याचा बाजार मशीद बंदरहून वाशीला आला, तसे आम्ही कोपरखैरण्याला. घरात रोज भाकरी. चपाती पाहुणा आला तरच.

2023 हे ज्वारी-बाजरीसारख्या भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हापासून 'आपण आपलं अन्न विसरलो' अशा पोस्टी फार दिसतात. आणि खापर फुटतं बायकांच्या डोक्यावर: आळशी झाल्या म्हणे. डोंबल!

ताटात काय येणार हे बरंचसं रेशनच्या दुकानात ठरलं. हरितक्रांतीत पाणी, बियाणं, हमीभावाची खरेदी, सगळा ओढा गहू-तांदळाकडे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य 1 रुपया किलो लिहिलं होतं, गहू 2, तांदूळ 3. आमच्या दुकानात मला तरी ज्वारी कधी दिसली नाही. (72 च्या दुष्काळातली अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आईने खाल्लीय. नाव काढलं तरी तोंड वाकडं करते.)

सरकारच्या घरखर्च पाहणीत 1999-2000 साली शहरी कुटुंबाच्या खर्चात धान्याचा वाटा 12 टक्क्यांच्या वर होता. 2022-23 मध्ये तो 4 च्याही खाली आला, आणि तयार खाणं नि पेयं 10 च्या वर गेली. सगळंच वाईट झालं असं मी म्हणणार नाही. लहानपणी एका अंड्याचे आम्ही दोघं भाऊ वाटेकरी असायचो.

पण भाकरीला वेळ लागतो हो. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग उकळतं पाणी घाला, तरी थापताना कडा चिरतात. मळून ठेवता येत नाही. तव्यावर टाकली की पाणी फिरवायला तिथंच उभं राहायचं. सव्वाआठची ठाणे लोकल गाठणाऱ्या माझ्या बायकोला हे कोण सांगणार? मी तर नाही. आणि मला थापता येत नाही, हेही कबूल करतो.

रविवारी ऑफिसातला मित्र जेवायला आला. चपात्या बघून म्हणाला, "काकू, भाकरी नाही का?" आई ओशाळली. तो गेल्यावर मला म्हणाली, "पहिल्यांदा घरी आलेल्या माणसाला भाकरी कशी वाढायची रे?"