किकची स्प्रिंग बसवताना कॅमेरा बंद का करता?

डर्ट बाईकचा क्लच आणि किक म्हणजे घरच्या घरी अर्ध्या तासाचं काम, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या प्रत्येकाला एकदा माझ्या शेजारी बसवायचंय. हातात पाना द्यायचा आणि म्हणायचं, कर बाबा, दाखव.

क्लच घसरत होता. थ्रॉटल पिळला की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडीला वेग म्हणून नाही. त्यात किक मारली की दांडा खाली जायचा आणि तिथेच लटकायचा, म्हणजे आतली रिटर्न स्प्रिंग गेली. दोन्ही दुखणी उजव्या बाजूच्या एकाच झाकणामागे. एकदा उघडलं की दोन्ही कामं उरकतील, हिशोब सरळ होता.

पण ते झाकण आधी एका मेकॅनिकच्या हातून गेलेलं! जपानी गाड्यांवरचे जुने फुलीचे स्क्रू बहुतेक जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात. त्यांना साधा फिलिप्स लावून जोर दिला की ड्रायव्हर उसळतो आणि खाच खाऊन टाकतो. एवढंही ज्याला माहीत नाही त्याने पैसे घेऊन दुसऱ्याच्या गाडीला हात लावू नये. निम्म्या स्क्रूंच्या वाट्या झाल्या होत्या. इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि हातोडीने एकेक सोडवला, तर आत गॅस्केटच्या, म्हणजे सांध्यातल्या पातळ पट्टीच्या जागी सिलिकॉन थापलेलं. त्याचे तुटके तुकडे तेलात फिरत होते. तेलाची वाट बुजली असती तर इंजिन कोणी भरून दिलं असतं?

क्लचच्या प्लेटांना जळका वास, स्टीलच्या प्लेटा निळ्या पडलेल्या. त्या मेकॅनिकलाच विचारलं, तेल कुठलं घातलं होतंस? म्हणाला, "कारचं होतं, तेल तेच असतं हो." तेच नसतं! हा क्लच इंजिनच्याच तेलात भिजून फिरतो. कारच्या कित्येक तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, आणि क्लच चालतोच घर्षणावर. म्हणून तर डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए२, म्हणजे तेलात भिजणाऱ्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण, लिहिलंय का ते बघायचं असतं.

आता किक. तिथे पोचायला क्लचचं बास्केट, म्हणजे प्लेटा बसतात ती वाटी काढायची, त्यासाठी मधला नट, आणि नट सोडवताना हब, म्हणजे वाटीच्या आतला मधला भाग धरून ठेवायला वेगळं हत्यार. "स्क्रूड्रायव्हर खुपसून अडकव" हा सल्ला देणारेही भेटतात. हब ॲल्युमिनियमचा असतो, त्याचा तुकडा उडाला की नवा हब!

आणि ती स्प्रिंग. एक टोक शाफ्टच्या भोकात, दुसरं ताण देऊन फिरवायचं आणि केसिंगच्या भोकात अडकवायचं. ऐकायला एवढंच. प्रत्यक्षात एका हाताने शाफ्ट आत दाबून धरायचा, नाहीतर रॅचेट, म्हणजे किकचं दातेरी चाक, थांब्यावरून सरकतं. दुसऱ्या हातात पक्कड, पक्कडीत तेलाने बुळबुळीत झालेली स्प्रिंग, आणि भोक अशा कोपऱ्यात की डोकं खाली घातल्याशिवाय दिसत नाही. सुटली की सपकन बोटावर बसते. माझ्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय.

मी पाहिलेल्या प्रत्येक व्हिडिओत नेमका इथेच कट! बोल्ट सोडताना दाखवतात, झाकण पुसताना दाखवतात, स्वतःचं तोंड तर तासभर दाखवतात. स्प्रिंग हातात घेतली की कट, आणि पुढच्या क्षणी ती बसलेली. अरे, ज्यासाठी माणूस तुमचा व्हिडिओ उघडतो तेवढंच नेमकं गाळता? दोन मिनिटं कॅमेरा तिथेच ठेवा ना! सर्व्हिस मॅन्युअलही त्यांचाच भाऊ: "काढल्याच्या उलट क्रमाने बसवा." संपलं.

शेवटी स्प्रिंग बसली, किक झटक्यात वर येते. आणि आता कळतंय की त्याच मेकॅनिकने क्लच स्प्रिंगचा एक बोल्ट आटे जाईपर्यंत आवळून ठेवलाय. सहा मिलिमीटरचा बोल्ट, तो आवळायला बहुतेक गाड्यांना साधारण १० न्यूटन मीटर पुरतं, आणि याने अंगातला सगळा जोर लावला! नव्या प्लेटा तेलात भिजतायत, नवं गॅस्केट पाकिटातच आहे, आणि मी एका बोल्टच्या आट्यांसाठी खोळंबलोय. वर मित्र विचारतायत, झाली का गाडी? नाही झाली!