निकालावरची नावं

'रोमेश थापर विरुद्ध मद्रास राज्य.' कायद्याच्या कुठल्याही विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारा. २६ मे १९५०, कलम १९ म्हणजे अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, सगळं घडाघडा म्हणून दाखवेल. पण या थापरांचं पुढे काय झालं? इथे बहुतेक जण गप्प.

मला मात्र त्याचंच कुतूहल जास्त. निकाल लागला की आपल्या लेखी गोष्ट संपते. पण ज्याच्या नावाने निकाल ओळखला जातो त्या माणसाला पुढे तीस-चाळीस वर्षं काढायची असतात. जिंकलेला हक्क त्याच्या स्वतःच्या तरी कामी येतो का?

थापर मुंबईहून 'क्रॉसरोड्स' साप्ताहिक काढायचे. कम्युनिस्ट माणूस. 'ये आझादी झूठी है' ही त्यांच्या पक्षाची तेव्हाची घोषणा. मद्रास सरकारने साप्ताहिकावर राज्यात बंदी घातली, तेव्हा हे गृहस्थ त्याच 'झूठ्या' आझादीच्या नव्याकोऱ्या सुप्रीम कोर्टात गेले आणि पाच विरुद्ध एक मतांनी जिंकले! पुढच्याच वर्षी नेहरू सरकारने पहिली घटनादुरुस्ती आणली आणि 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे अभिव्यक्तीवरच्या बंधनाचं कारण थेट घटनेत बसवलं.

थापरांचा निकाल लागला त्याच दिवशी कोर्टाने दिल्लीच्या 'ऑर्गनायझर' साप्ताहिकावर लादलेली पूर्वतपासणीही, म्हणजे छापण्याआधी मजकूर सरकारकडून तपासून घेण्याची सक्तीही, उडवली होती. संपादक के. आर. मलकानी, संघाचे. एक लाल, एक भगवा, दोघांनाही एकाच दिवशी न्याय. हे सांगितलं की माझे दोन्हीकडचे मित्र कसनुसं तोंड करतात.

१९५९ मध्ये रोमेश आणि त्यांच्या पत्नी राज थापर यांनी 'सेमिनार' मासिक सुरू केलं. मग दिल्ली, आणि इंदिरा गांधींच्या जवळच्या वर्तुळात ऊठबस. संपादकाने सत्तेच्या इतकं जवळ जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, पण पुढचं वागणं बघा. संबंध तुटले, आणीबाणी आली, १९७६ मध्ये 'सेमिनार'ला हुकूम आला की मजकूर आधी तपासून घ्या. थापरांनी तपासून घेण्याऐवजी मासिकच बंद ठेवलं. ते पुन्हा निघालं १९७७ मध्ये. २६ वर्षांपूर्वीचा निकाल तेव्हाही पुस्तकांत होता, कुणी रद्द केला नव्हता. ज्याच्या नावाचा निकाल त्यालाच त्याचा उपयोग शून्य. मलकानींना तर आणीबाणी लागली त्याच रात्री उचललं. पुढे ते खासदार झाले, मग पुद्दुचेरीचे नायब राज्यपाल, आणि २००३ मध्ये पदावर असतानाच वारले. थापर पती-पत्नी दोघंही १९८७ मध्ये गेले.

आता आपल्या मराठीतला माणूस. चंद्रकांत काकोडकर. 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' ही कथा आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने दोषी धरलं. दंड किती? २५ रुपये! दुसरा कुणी असता तर भरून मोकळा झाला असता. काकोडकर सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि ऑगस्ट १९६९ मध्ये निर्दोष सुटले. कोर्टाने जाता जाता समीक्षकाचं कामही उरकून घेतलं. साहित्य म्हणून हे फार उच्च नसेल, अभिरुचीही बेताची असेल, पण अश्लील नाही, अशा अर्थाचं काहीतरी.

त्याच वर्षाच्या अखेरीस राजेश खन्नाचा 'दो रास्ते' आला आणि तुफान चालला. कथा काकोडकरांच्याच 'नीलांबरी'वरची. पुढे त्या कथेला फिल्मफेअरही मिळालं. दंडाचे २५ रुपये आणि हे, दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला! पण आमच्या साहित्यिक मंडळींनी त्यांना 'लायब्ररीतला लेखक' म्हणून कायम बाहेरच्या ओट्यावर बसवलं. अविष्कारस्वातंत्र्यावर आपल्याकडे एवढे परिसंवाद होतात, त्यात नाटककार विजय तेंडुलकरांचं नाव हमखास निघतं, निघायलाच हवं, पण काकोडकरांचं मी क्वचितच ऐकलंय. गंभीर लेखकासाठी सगळे सह्या करतात. भरमसाट खपणाऱ्या, नाक मुरडून वाचल्या जाणाऱ्या लेखकाने कोर्टात स्वतःच्या हिमतीवर उभं राहायचं, आणि तो जिंकला की त्या निकालाची सावली सगळ्यांनी घ्यायची. हे मला खटकतं.

बाकी, 'रंभा'चा तो १९६२चा दिवाळी अंक कुणाच्या माळ्यावर असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. 'श्यामा' वाचायची आहे. झेरॉक्सही चालेल.