शिकागोत पाहुणे आले की बीनपाशी थांबू नका

उन्हाळा लागला की आपल्याकडे शिकागोत कोणाचे आई-बाबा, कोणाचे सासू-सासरे यायला लागतात. त्यांची सहल ठरलेली असते: बीन या चकचकीत शिल्पासमोर फोटो, विलिस टॉवर, बोटीतून एक फेरी, डेव्हॉन या देशी दुकानांच्या रस्त्यावर जेवण, लेमॉन्टचं देऊळ. मीही कित्येक वर्षं हेच करत आले. गेल्या जूनमध्ये सांगलीहून आई आली, तेव्हा मात्र बीनपासून नुसता मिशिगन अव्हेन्यूचा रस्ता ओलांडला आणि तिला कल्चरल सेंटरमध्ये नेलं.

तिकीट नाही, नाव लिहायचं नाही. आई दारातच घुटमळली. "अगं, असंच आत जायचं?" हो, असंच.

1897 मध्ये ही इमारत शहराचं सार्वजनिक वाचनालय म्हणून उघडली. पांढऱ्या संगमरवरी जिन्याच्या कठड्यांत काचेचे आणि शिंपल्याचे इवलेसे तुकडे जडवलेत. आई प्रत्येक पायरीवर थांबून त्यावरून बोट फिरवत होती, पैठणीचा पदर बघावा तशी. वर टिफनीचा काचेचा घुमट आहे, 38 फूट व्यासाचा, जवळजवळ 30 हजार तुकड्यांचा, माशाच्या खवल्यांसारखा रचलेला. कित्येक वर्षं तो वरून झाकलेला होता. 2008 मध्ये दुरुस्ती झाली आणि त्यातून पुन्हा खरं ऊन आत आलं.

खाली बसल्यावर मी तिला वाचनालयाची गोष्ट सांगितली. 1871 च्या आगीत शिकागो जळालं, तेव्हा इंग्लंडमधून आठेक हजार पुस्तकं भेट आली. ती ठेवायला इमारतच नव्हती, म्हणून पाण्याच्या एका जुन्या टाकीत वाचनालय सुरू झालं. आई बराच वेळ गप्प होती. 2019 च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं होतं. भिजून फुगलेली पुस्तकं तिनं डोळ्यांनी पाहिलीत. एवढंच म्हणाली, "त्यांना कोणीतरी पाठवली, ते बरं झालं."

ही इमारतसुद्धा पाडायचं चाललं होतं, हे किती जणांना माहीत आहे? वाचवावी म्हणून लोकांनी जोर लावला. तेव्हाचे महापौर रिचर्ड जे. डेली यांच्या पत्नी एलेनॉर डेली सहसा जाहीर बोलत नसत, त्याही तेव्हा बोलल्या.

पण मला जास्त कळकळीनं सांगायचंय ते शहराच्या दक्षिण भागातल्या, म्हणजे साउथ साइडच्या, साउथ शोर कल्चरल सेंटरबद्दल. लेक मिशिगनच्या काठचा हा भव्य क्लब विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, फक्त श्रीमंत गोऱ्यांचा. कृष्णवर्णीयांना आणि ज्यूंना सभासद होता येत नव्हतं. पुढे आसपासची वस्ती बदलली, कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला आली, तरी क्लबानं दार उघडलं नाही. सभासद आटले आणि 1970 च्या दशकात क्लबच बंद पडला. जागा शहरातल्या बागा सांभाळणाऱ्या पार्क डिस्ट्रिक्टनं घेतली आणि त्यांना मुख्य इमारत पाडायची होती. ती वाचवली ती ज्यांना दारात उभं केलं जात नव्हतं त्याच वस्तीतल्या लोकांनी, बैठकांमागून बैठका घेऊन. आज तिथल्या नाट्यगृहाला कृष्णवर्णीय गायक-अभिनेते पॉल रोबसन यांचं नाव आहे. 1992 मध्ये बराक आणि मिशेल ओबामांच्या लग्नाची पार्टी तिथेच झाली. क्लबचा खाजगी किनारा आता सगळ्यांचा आहे. आईनं साडी जराशी वर धरून तिथे पाय बुडवले. शेजारी एक आजी नातवाला वाळूत खेळवत होत्या, त्यांनी हिला बसायला घडीची खुर्ची दिली.

आणि आपण काय म्हणतो? "साउथ साइडला कशाला जायचं? तिकडे कोणी जात नाही." हे वाक्य मी आपल्या पॉटलकमध्ये इतक्यांदा ऐकलंय, आणि मला ते लागतं. तिकडे लाखो माणसं राहतात. आपल्या मुलांना शाळेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना आला की रोझा पार्क्सवर प्रोजेक्ट करायला लावायचं आणि त्याच इतिहासाची इमारत गाडीनं तासाभरावर असताना तिकडे फिरकायचं नाही, हे मला पटत नाही.

सगळ्याच जागांचं नशीब असं नसतं. उत्तरेला अपटाउन थिएटर आहे, 1925 चं, चार हजारांहून जास्त खुर्च्यांचं. 1981 पासून त्याचं दार बंद आहे. पलीकडे ॲरागॉन बॉलरूममध्ये कार्यक्रमांना गर्दी असते आणि हे तसंच उभं. दुरुस्तीचा खर्च अवाढव्य आहे, मान्य. पण एकदा पाडलं की तसं कोणी पुन्हा बांधणार नाही. आपण इथे घरं घेतली, कर भरतो, मत देतो, मग या जागा आपल्याही आहेत. त्यांच्या बैठकांत आपली माणसं दिसली पाहिजेत.

येत्या शनिवारी सकाळी मी साउथ शोरला जाणार आहे, नेपरव्हिलहून. गाडीत तीन जागा आहेत. कोणाचे आई-बाबा आले असतील तर मेसेज करा. थालीपीठ माझ्याकडून.