कागदपत्रांचं कोण बोलणार?

बारावीच्या पालकांसाठीच्या लेखात ‘बारावीच्या वर्षी आईने सुट्टी घेऊन घरी थांबावं’ हे वाचून हसूच आलं. मी घेतली होती ओ, तीन महिने बिनपगारी, आणि पोरगी रोज म्हणायची आई तू ऑफिसला जा ना, सारखी दुधाचा ग्लास घेऊन दारात उभी राहतेस.

खरं काम लेखात आलंच नाही, कागदपत्रं! आम्ही ओबीसी, कास्ट व्हॅलिडिटीला, म्हणजे राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याची जी पडताळणी होते तिला, १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो, तो सापडला सासऱ्यांच्या गावच्या शाळेत आणि त्यात आडनावच वेगळं, मग ॲफिडेव्हिट, गावाला तीन चकरा. सीईटीचा निकाल लागल्यावर दाखल्यांसाठी सेतू केंद्राच्या रांगेत घामाघूम झालेले पालक बघितलेत मी. अकरावी संपली की व्हॅलिडिटीची फाईल टाका, दूध काय पोरं स्वतः घेतात.