आधी घर, मग शेत

"दहा-बारा हजार वर्षांपूर्वी माणसाला शेतीचा शोध लागला, म्हणून तो एका जागी राहू लागला. फुरसत मिळाली, त्यातून मंदिरं नि शहरं उभी राहिली. एकदा शेतकरी झालेला माणूस पुन्हा रानाकडे वळला नाही." व्हॉट्सॲपवर हा मजकूर अधूनमधून फिरत असतो. वाचायला झकास, पण उत्खननांपुढे त्यातलं फारसं काही टिकत नाही.

आधी वस्तीचं बघू. १९८९ मध्ये इस्रायलमधल्या गॅलिली सरोवराचं पाणी बरंच ओसरलं आणि काठावर ओहालो इथे झोपड्यांचे अवशेष उघडे पडले. वय सुमारे २३ हजार वर्षं. रानटी सातू आणि गव्हाचे दाणे मिळाले, दळायचा दगडही मिळाला. त्याच मुलखात ऐन मल्लाहा इथल्या नाटुफियन लोकांनी (शिकार करून आणि रानटी धान्य वेचून जगणाऱ्यांनी) दगडी भिंतींची गोल घरं बांधली, तीही शेतकरी होण्याच्या कितीतरी आधी.

आता तो 'शोध'. दाणा पडला की रोप उगवतं, हे पिढ्यानपिढ्या रानातलं धान्य झोडून खाणाऱ्यांना माहीत नव्हतं, असं मानायचं का? खरा बदल ओंबीत झाला. रानटी सातूची ओंबी पिकली की सांध्यासांध्यावर मोडते आणि दाणे विखुरतात. तिचा वंश त्यावरच चालतो. मोजक्या रोपांत मात्र हे सांधे सुटत नाहीत. रानात असं रोप टिकणं अवघड, पण विळा घेऊन येणाऱ्याच्या हाती नेमक्या याच ओंब्या जास्त लागतात आणि बियाणंही त्यांचंच होतं. हा फरक भिंगाखाली दिसतो: आपोआप सुटलेल्या सांध्याची खूण गुळगुळीत, मळणीत तुटलेल्याची खडबडीत. पश्चिम आशियातल्या वस्त्यांमधले अवशेष काळानुसार लावले, तर खडबडीत खुणांचं पारडं जड व्हायला हजाराहून जास्त वर्षं लागलेली दिसतात. तोवर लोक पेरत होते, वेचत होते आणि शिकारही करत होते.

फुरसतीचं म्हणाल, तर सीरियातल्या अबू हुरेरा या सुरुवातीच्या शेतकरी गावातले सांगाडे बघा. पायाच्या अंगठ्यांचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर आणि पाठीच्या मणक्यांवर ताणाच्या खुणा, आणि हे मुख्यतः बायकांमध्ये. तासन्‌तास गुडघे टेकून दगडावर धान्य रगडल्याचा हा परिणाम, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. पाट्यावर पुरण वाटलेल्या कुणाही आजीला हे वेगळं सांगायला नको.

मंदिरांचा मुद्दा तर पार उलटा पडतो. तुर्कस्तानात गोबेक्ली तेपे या मंदिरासारख्या जागेचे साडेपाच मीटरपर्यंत उंच कोरीव खांब इ.स.पू. ९५०० च्या सुमारास उभे राहू लागले. उभारणारे हरणांची शिकार करून आणि रानटी धान्य वेचून जगत होते. इराकमधल्या उरूकसारखं मोठं शहर यायला पुढे सुमारे सहा हजार वर्षं जावी लागली.

राहिलं 'पुन्हा रानाकडे वळला नाही'. त्यासाठी तुर्कस्तानात जायलाच नको, शिरूर तालुक्यातलं घोड नदीकाठचं इनामगाव पुरे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे वर्षानुवर्षं खोदकाम केलं. इ.स.पू. १४०० ते १००० या काळात इथे चौकोनी घरं होती, सातूची शेती होती, पाण्यासाठी पाट आणि बांध होता. गावप्रमुखाचं समजलं जाणारं पाच खोल्यांचं घर होतं, शेजारी धान्याचं कोठार. इ.स.पू. १००० नंतर चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवरची भिस्त वाढली. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गावच उठलं. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यांतली जोर्वे संस्कृतीची (इनामगावही तिच्यातलंच) बरीच गावं तर त्याआधीच ओस पडली होती. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचं कारण वाढत्या कोरड्या हवामानात शोधलं. पुढच्या काही अभ्यासकांना हवामान इतकं बिघडल्याचं पटत नाही. तो वाद चालू राहील. पण शेती पिकवणारं, पाट काढणारं गाव चार-पाच पिढ्या नव्हे, तर शतकानुशतकं नांदून मग पुन्हा मेंढरांमागे आणि शिकारीला लागलं, असंच तिथले अवशेष सुचवतात.