जसं आलं तसं पुढे ढकला

मित्रांच्या ग्रुपवर वजन वाढवायचं असेल तर पहिलं पथ्य एवढंच, की बातमी वाचायची नाही. वाचत बसलात की गेलात. तेवढ्यात ती न्यू जर्सीवाला टाकून मोकळा होतो. आपण घोरत असतो तेव्हा तो ऑफिसात रिकामा असतो, त्यामुळे त्याच्याशी बरोबरी करायची तर शीर्षकावर अंगठा ठेवून थेट पुढे ढकलण्याला पर्याय नाही. शीर्षकात काही दम नसेल तर आपल्या पदरचं 'आत्ताच समजले' जोडावं.

हे मी अनुभवाने सांगतोय. आमचा ग्रुप 'दहावी ब, १९९५'. माणसं त्रेचाळीस, बोलणारी सात. बाकीचे दिवाळीला उगवतात, पणतीचं चित्र ठेवतात आणि मावळतात. नावंही आता कुणी घेत नाही. बँकवाला, रावेरवाला, लोणारवाला अशी गावावरून नाहीतर धंद्यावरून ओळख. मी पुण्यात राहतो, म्हणून मला सगळे 'शहाणा' म्हणतात. ते कौतुकाने नाही, हे कळायला मला तीन वर्षं लागली.

बातमीवर तारीख कधीही ठेवू नका. तारीख काढली की बातमी लोणच्यासारखी टिकते. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ पृथ्वीपासून साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास आला होता, सुमारे साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका जवळ. तेव्हाच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं, की पंचाहत्तर पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ, नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो तेवढा दिसेल. वाटेत दुर्बीण गळली, मग साल गळलं. आता दर ऑगस्टला आमच्याकडे रात्री साडेबाराला दोन चंद्र उगवतात आणि निम्मा वर्ग गच्चीत जातो. ढग असतात. कधी नव्हे ते पावसाळ्याने विज्ञानाची लाज राखलेली असते.

पण खरी अडचण ही नाही. खरी अडचण म्हणजे तो एक माणूस, जो नेमका जागेवर हजर असतो. त्याच्यापासून जपून राहा. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप आहे आणि ती जमिनीखाली एकशे वीस मीटरवर पुरली तरी उपग्रहाला दिसते, अशी पक्की खबर आम्ही सगळ्यांनी एकमेकांना दिली. बँकवाला तेव्हा सकाळी आठ ते रात्री दहा काउंटरवर बसून त्याच नोटा वाटत होता. जेवायला सवड नाही अशा दिवसांत त्याने दोन ओळी टाकल्या, 'अरे, मी रोज हजारो नोटा हाताळतोय. चिप-बिप काही नाही.' न्यू जर्सीवाल्याने तिकडून एका ओळीत निकाल लावला, 'तुला सांगतील का?' हे उत्तर पाठ करून ठेवा. समोरच्याला जितकं जास्त माहीत असेल, तितकं ते जास्त लागू पडतं.

आता कुणी म्हणेल मोबाइलने माणसं बिघडवली. उगाच. आम्ही अकरावीत असताना, २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला, तेव्हा कुणाच्या खिशात मोबाइल होता? वाड्यात एक फोन, तोही घरमालकाचा, तरी दुपारपर्यंत सगळं गाव वाटी-चमचा घेऊन रांगेत होतं. आमच्या सरांनी देवळाच्या पायरीवरच पृष्ठताण समजावून सांगितला. चमच्याची कड मूर्तीला लागली की दूध कसं ओढलं जातं आणि अंगावरून पातळ ओघळत कसं खाली उतरतं, सगळं. आम्ही माना डोलावल्या आणि परत रांगेत उभे राहिलो. सरही होते, आमच्या दोन नंबर पुढे.

लोणारवाल्याचं प्रकरण तर मी नवशिक्यांना नमुना म्हणून सांगतो. जून २०२०, टाळेबंदी. लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. हा गडी दुधाच्या निमित्ताने बाहेर पडलेला, त्याने काठावर उभं राहून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. अकरा मिनिटांत अकरा जणांनी 'फेक' म्हणून सांगितलं. एकीने फोटोतला रंग कोणत्या ॲपने चढवला तेही ओळखलं. तो म्हणतोय, 'बापहो, मी इथं उभा आहे!' त्यावर त्याला 'उन्हात फिरू नकोस' असा सल्ला मिळाला. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं, की पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यात मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांनी हा रंग आणला. ही बातमी ग्रुपवर टाकली न्यू जर्सीवाल्याने, 'आत्ताच समजले' लिहून. त्याला बावीस अंगठे पडले. पहिला अंगठा लोणारवाल्याचाच. माणूस मोठ्या मनाचा.

एकदाच जरा गडबड झाली. २०१८ च्या जूनमध्ये 'मुलं पळवणारी टोळी जिल्ह्यात शिरली आहे' हा मेसेज आमच्याकडे चार बाजूंनी आला आणि आम्ही तो दहा बाजूंना पाठवला. १ जुलैला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं, असल्याच अफवेवरून. ग्रुपवर दिवसभर जोडलेले हात आणि मेणबत्त्या. संध्याकाळी बँकवाल्याने विचारलं, आपल्याकडे तो मेसेज कुणी टाकला होता? वर सरकवत गेलो. प्रत्येकाच्या खाली तीच ओळ, 'फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड'. ती लिहिली की मजकूर आपला राहत नाही, फक्त अंगठा आपला असतो. मग त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली आणि २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजला तर एकाच ठिकाणची. आम्ही खचलो नाही. कॉपी करायचं, पेस्ट करायचं. दुहेरी बाणाची ती खूणही जाते आणि मजकूर घरचा दिसतो.

राहता राहिला घरगुती मजकूर. पाणी आलं का, गुडघा कसा आहे, मुलीचं कुठे जमलं का, असलं काही लिहायची हौस असेल तर आधी वर काय चाललंय ते बघून लिहा. आमच्या रावेरवाल्याने ते बघितलं नाही. नोव्हेंबर २०२४ ची गोष्ट. न्यूयॉर्कच्या लिलावात भिंतीला चिकटपट्टीने डकवलेलं एक केळं ६२ लाख डॉलरला गेलं, म्हणजे ५२ कोटी रुपयांच्या वर. पस्तीस सेंटला आणलेलं केळं. घेणाऱ्याने पुढे हाँगकाँगमध्ये ते पत्रकारांसमोर सोलून खाल्लं. गंमत म्हणजे ही बातमी शंभर टक्के खरी होती, त्यामुळे आमच्याकडे दोन दिवस तिच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. बसला तेव्हा मात्र ग्रुपला ऊत आला. 'रावेरवाल्या, तुझ्या बागेत किती हजार कोटी उभे आहेत रे?', 'जळगावात चिकटपट्टीचा तुटवडा', 'घडाला किती टेप लागते?' असं रात्री अकरापर्यंत चाललं होतं.

अकरा चाळीसला रावेरवाल्याने लिहिलं, 'माल कापणीवर आहे भो. तीन दिवस झाले, व्यापारी फिरकला नाही. घड झाडावरच पिवळे पडायला लागले.'

त्याच्याखाली चौदा जणांनी पोट धरून हसणारे चेहरे टाकले. पंधरावा माझा होता.